परिस्थितीतील बदल आणि जीवजातींची उत्क्रांती : शाहपुरा तलावाच्या निमित्ताने

भोपाळ हे तलावांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. येथील मोठा तलाव अकराव्या शतकात राजा भोज याने बांधविला, असे परंपरा सांगते. त्याला लागून असलेला छोटा तलाव १७९४ मध्ये नबाब हयात मुहंमद खान यांचे मंत्री छोटे खान यांनी तयार करविला. शहराच्या दक्षिण भागातील शाहपुरा तलाव त्या मानाने अगदी अलीकडचा. तो १९७४-७५ च्या सुमारास बांधण्यात आला. अशा रीतीने सुमारे एक हजार वर्षांचे, सव्वादोनशे वर्षांहून अधिक जुने आणि पन्नास वर्षांचे अशी तीन जलाशये एकाच शहरात पाहावयास मिळतात.

वयाने सर्वांत लहान असलेल्या शाहपुरा तलावाची परिस्थिती मात्र फार झपाट्याने पालटली. काठाभोवती वसाहती वाढल्या. त्यांचे सांडपाणी नाल्यांवाटे तलावात येऊ लागले. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांमुळे शेवाळ माजले व जलपर्णी फोफावली. हे सर्व कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो. परिणामी, तलाव तोच असला तरी त्यात राहणाऱ्या जीवांच्या दृष्टीने ते पाणी पूर्वीचे राहिलेले नाही.

आपल्या भोवतालची परिस्थिती बदलली म्हणजे जीवांपुढे तीनच मार्ग उरतात. शक्य असेल तर दुसरीकडे जाणे, जागच्या जागी नष्ट होणे, किंवा पिढ्यांमागून पिढ्या बदलत जाऊन नव्या परिस्थितीशी जुळते होणे. यांतील तिसऱ्या मार्गालाच उत्क्रांती असे म्हणतात. कोणता जीव कोणत्या मार्गाने जातो, हा प्रश्न केवळ विज्ञानाच्या पुस्तकातला नाही. हिवतापाचे निर्मूलन, कापसाचे पीक, मत्स्यव्यवसाय आणि आदिवासी भागातील आरोग्य या सर्वांशी त्याचा निकटचा संबंध आहे.

उत्क्रांती म्हणजे काय?

उत्क्रांतीविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. प्राण्याला गरज भासली म्हणून त्याला नवा अवयव फुटला, किंवा त्याने प्रयत्न केला म्हणून त्याची संतती तशी झाली, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे कान टोचले जातात. परंतु टोचलेले कान घेऊन एकही बालक जन्मास येत नाही. घण घालून लोहाराचे दंड पिळदार होतात. ते बळ मुलाला वारशाने मिळत नाही. एका आयुष्यात शरीरावर जे संस्कार होतात, ते सर्वसाधारणपणे पुढील पिढीच्या शरीररचनेत उतरत नाहीत.

मग बदल होतो तो कसा? याचे उत्तर शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक आहे. ज्वारीची कापणी करताना तो सर्व कणसे सारखी मानीत नाही. टपोऱ्या दाण्यांची, भरदार, कीड न लागलेली कणसे तो बियाण्यासाठी बाजूला काढतो. कणसांमध्ये मुळातच फरक असतो; तो फरक काही प्रमाणात बियाण्यातून पुढे जातो; आणि पुढील पेरणी निवडलेल्या कणसांपासूनच होते. ही निवड वर्षानुवर्षे चालू राहिली म्हणजे वाणच बदलतो. एकाही कणसाने स्वतःला बदललेले नसते. बदलते ते शिवारातील कणसांचे प्रमाण.

शेतकरी जे काम बुद्धिपुरस्सर करतो, तेच काम निसर्गात परिस्थिती करते. एकाच जातीच्या जीवांमध्ये जन्मतः लहानमोठे भेद असतात. ज्यांचे भेद त्या वेळच्या परिस्थितीला अनुकूल, ते अधिक संख्येने जगतात व अधिक संतती मागे ठेवतात. इतरांची संतती कमी कमी होत जाते. चार्ल्स डार्विन व आल्फ्रेड रसेल वॉलेस या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १८५८ मध्ये हा विचार मांडला, आणि १८५९ मध्ये डार्विन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या प्रक्रियेला नैसर्गिक निवड असे नाव आहे. परिस्थिती नवे भेद मागणीप्रमाणे निर्माण करीत नाही. असलेल्या भेदांतून ती निवड करते. पुढील सर्व उदाहरणे समजण्यासाठी एवढे सूत्र पुरेसे आहे.

पाण्यात राहून हवा घेणारे मासे

मागूर, शिंगी आणि मरळ हे मासे ग्रामीण भागात सर्वांच्या परिचयाचे आहेत. उन्हाळ्यात डबकी आटतात, पाणी तापते, चिखल कुजू लागतो. अशा पाण्यात प्राणवायू फारच थोडा उरतो. रोहू, कटला यांसारखे मासे त्यात गुदमरून मरतात. मागूर व मरळ मात्र मधूनमधून पृष्ठभागावर येऊन सरळ हवेतून प्राणवायू घेतात. मागुराच्या कल्ल्यांच्या वरच्या बाजूस झाडाच्या फांद्यांसारखे एक इंद्रिय असते. शिंगीच्या शरीरात त्याच कामासाठी लांबट पिशव्या असतात. मरळीच्या डोक्यात हवेसाठी स्वतंत्र पोकळी असते. काम एक, रचना तीन. यावरून असे दिसते की, प्राणवायू कमी असलेल्या उथळ पाण्याची अडचण या कुळांतील माशांनी निरनिराळ्या मार्गांनी सोडविली.

ही इंद्रिये एका दुष्काळात तयार झाली नाहीत. उथळ व उष्ण पाणथळ जागांत दर वर्षी तोच प्रसंग येत राहिला. ज्या माशांना थोडीशी हवा शोषून घेता आली, ते पुढील पावसाळ्यापर्यंत टिकले. असे असंख्य उन्हाळे लोटले, तेव्हा कोठे आजची रचना सिद्ध झाली. या प्रक्रियेस लाखो वर्षांचा अवधी लागला.

शाहपुरा तलावासारख्या सांडपाण्याच्या जलाशयात काय घडते, हे आता नीट समजू शकेल. अशा पाण्यात दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते; रात्री मात्र तेच शेवाळ तो वापरू लागते. पहाटेच्या सुमारास प्राणवायूचे प्रमाण सर्वांत खाली जाते. मोठ्या संख्येने मासे मरण्याच्या घटना बहुधा याच वेळी घडतात. जे मासे हवा घेऊ शकतात ते तगतात, इतर नाहीसे होतात. या घटनेला उत्क्रांती म्हणणे योग्य होणार नाही. येथे एक जात जाऊन तिच्या जागी दुसरी आली, एवढेच घडले. रोहूचा मागूर झालेला नाही, आणि होणारही नाही. लाखो वर्षांपूर्वी अन्य ठिकाणी कमावलेली शक्ती मागुराच्या कामी आली. रोहूजवळ ती नव्हती, आणि पन्नास वर्षांत ती येणे शक्य नव्हते.

ज्यांना परिस्थितीबरोबर चालता आले नाही

परिस्थिती बदलली म्हणजे जीव आपोआप जुळवून घेतात, असा समज असेल तर तो नर्मदेच्या खोऱ्यात दूर होतो. भोपाळच्या दक्षिणेस नर्मदाकाठच्या हथनोरा या गावाजवळ ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे डॉ. अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा जीवाश्म मिळाला. नर्मदेच्या गाळाच्या थरांत प्राचीन हत्तींच्या अस्थी मिळतात, रानबैलांच्या मिळतात आणि पाणघोड्याच्याही मिळतात. पाणघोडा आज भारतात कोठेही रानात आढळत नाही. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली असून ती सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची आहेत. शहामृगही या देशातून नाहीसा झाला आहे.

पाणघोड्याला बारमाही पाणी व विस्तीर्ण पाणथळ जागा लागतात. हवामान शुष्क होत गेले व अशा जागा आटल्या, हे त्याच्या नाहीशा होण्यामागील एक महत्त्वाचे कारण मानले जाते. मोठ्या प्राण्याला सावकाश पिल्ले होतात. त्याची पिढी लांब असते. परिस्थिती पिढ्यांपेक्षा वेगाने बदलली, तर निवड करण्यासाठी निसर्गाला अवधीच उरत नाही.

डास आणि डीडीटी

याच्या अगदी उलट उदाहरण डासांचे आहे. स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी भारतात दर वर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे व त्यात सुमारे आठ लाख माणसे मृत्युमुखी पडत, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. घराघरांतून डीडीटीची फवारणी करण्यात आली. १९५८ मध्ये या कार्यक्रमाला निर्मूलनाचे स्वरूप देण्यात आले. १९६५ पर्यंत रुग्णांची नोंद सुमारे एक लाखापर्यंत खाली आली. जगात क्वचितच कोठे इतके यश मिळाले असेल.

तथापि १९७६ मध्ये हीच संख्या सुमारे ६५ लाखांवर गेली. याची कारणे एकाहून अधिक होती. औषधांचा अपुरा पुरवठा, यंत्रणेत आलेले शैथिल्य, शहरांची वाढ ही त्यांपैकी काही होत. परंतु एक कारण डासांच्या शरीरातच होते. ग्रामीण भागात हिवताप पसरविणाऱ्या डासांच्या जातीत डीडीटीला न जुमानणारे डास १९५० च्या दशकाच्या अखेरीसच पश्चिम भारतात आढळू लागले होते.

हे डास डीडीटीमुळे निर्माण झाले नाहीत. लक्षावधी डासांमध्ये काही थोड्यांच्या अंगी ते विष पचविण्याची शक्ती आधीपासून असणे शक्य आहे, किंवा जननद्रव्यातील एखाद्या आकस्मिक बदलाने ती एखाद्या डासात येऊ शकते. फवारणीपूर्वी या शक्तीचा काही उपयोग नव्हता. फवारणीनंतर मात्र इतर मेले आणि त्यांचीच वीण उरली. उष्ण हवामानात अंड्यापासून पूर्ण डास होण्यास दहा ते चौदा दिवस पुरतात. माणसाच्या दोन पिढ्या होतात तेवढ्या काळात डासांच्या पाचशेहून अधिक पिढ्या होऊन जातात. पुढे डीडीटीऐवजी मॅलॅथिऑन वापरण्यात आले. काही वर्षांतच त्यालाही दाद न देणारे डास आढळले.

१९७७ मध्ये कार्यक्रमाची फेररचना करण्यात आली. एकाच औषधावर विसंबून न राहता रुग्णांचा शोध, त्वरित उपचार, साचलेल्या पाण्याचा निचरा आणि डासांच्या अळ्या खाणाऱ्या गप्पी माशांचा वापर असे अनेक उपाय एकत्र योजण्याचे धोरण पुढे आले. डास एका विषाला सरावू शकतो. डबकेच उरले नाही, तर सरावण्यासाठी त्याला जागा उरत नाही.

कापसावरील बोंडअळी

हाच धडा कापूस उत्पादक शेतकऱ्यांना पुन्हा शिकावा लागला. बोंडअळीला मारक प्रथिन असलेल्या बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. आरंभीच्या काळात फवारण्या कमी झाल्या. परंतु त्या पहिल्या प्रथिनाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी दशक संपता संपता गुजरातमध्ये आढळली. दोन प्रथिने असलेले वाणही पुढे तिच्यापुढे निष्प्रभ ठरले. २०१७ च्या हंगामात विदर्भ व मराठवाड्यातील शेतकऱ्यांचे त्यामुळे मोठे नुकसान झाले.

गुलाबी बोंडअळी मुख्यतः कापसावरच जगते. सर्व शिवारात बीटी कापूसच असला, तर केवळ प्रतिकारक्षम अळ्या उरतात आणि त्यांचा संयोग आपसांतच होतो. यावर उपाय म्हणून शेताभोवती साध्या कापसाच्या पाच ओळी, किंवा क्षेत्राच्या वीस टक्के साधा कापूस लावण्याची शिफारस करण्यात आली होती. या ओळींवर साध्या अळ्या वाढतात. त्यांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संकर झाला म्हणजे प्रतिकारशक्तीचा प्रसार मंदावतो. अनेकांना या ओळी म्हणजे वाया घालविलेली जमीन वाटली आणि त्या लावल्या गेल्या नाहीत. उत्क्रांतीचे तत्त्व ज्ञात असते, तर त्या ओळींचे मोल कळले असते. हंगाम लांबवू नये आणि वेचणीनंतर पऱ्हाट्या शेतात ठेवू नयेत, ही शिफारसही याच हेतूने केली जाते. खाद्यात खंड पडला म्हणजे अळीच्या पिढ्यांची साखळी तुटते.

मानवी रक्तातील खूण

मनुष्यही या नियमाला अपवाद नाही. मध्य प्रदेश, विदर्भ, खानदेश व गुजरात येथील अनेक आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरी भागात झाली. या विकारात तांबड्या रक्तपेशींचा आकार विळ्यासारखा होतो, रक्तप्रवाहात अडथळे येतात, तीव्र वेदना होतात व रक्त कमी होते. इतका घातक विकार पिढ्यान्‌पिढ्या कसा टिकून राहिला, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो.

याचे उत्तर आफ्रिकेत संशोधन करणारे डॉ. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये दिले. ज्या व्यक्तीला आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळते, ती सिकलसेलची वाहक असते. तिला सहसा त्रास होत नाही. शिवाय घातक हिवतापापासून तिला बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. ज्याला दोघांकडून हे जनुक मिळते, तो रुग्ण होतो. डासांचा सुळसुळाट असलेल्या प्रदेशात वाहक बालके अधिक संख्येने वाचली, आणि म्हणून ते जनुक टिकले. कोणाच्या पापाचे हे फळ नाही, की कोणा कुळाचा हा दोष नाही. पूर्वजांनी हिवतापाशी दिलेल्या दीर्घ झुंजीची ती खूण आहे.

परिस्थिती पुन्हा बदलली आहे. हिवतापावर आज औषध उपलब्ध आहे. त्यामुळे जनुकाचा लाभ कमी झाला, हानी मात्र राहिली. जनुक मात्र एवढ्यात नाहीसे होणार नाही, कारण माणसाची पिढी वीस-पंचवीस वर्षांची असते. या ठिकाणी निसर्गाची वाट न पाहता ज्ञानाने मार्ग काढणे इष्ट होय. पती व पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्य रुग्ण होण्याचा संभव चारात एक इतका असतो. विवाहापूर्वी रक्ततपासणी करून घेतल्यास हे आधीच कळते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेस प्रारंभ झाला असून तपासणी हा तिचा पाया आहे. शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी या तपासणीविषयीचा संकोच दूर करावा, ही अपेक्षा आहे.

वेगाचा प्रश्न

वरील उदाहरणे एकत्र पाहिली असता एक गोष्ट स्पष्ट होते. परिस्थिती बदलते तेव्हा तिच्या बदलाचा वेग आणि जीवाच्या पिढीची लांबी यांवर निकाल अवलंबून असतो. डास, अळी व रोगजंतू यांच्या पिढ्या आखूड. म्हणून ते आपल्या औषधांच्या बरोबरीने चालतात. सांडपाण्यात औषधांचे अंश मिसळतात, अर्धवट घेतलेल्या प्रतिजैविकांमुळे जंतूंचा पुरता नाश होत नाही, आणि औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची वाढ होते, तीही याच नियमाने.

याउलट मध्य प्रदेशाचा राज्यमासा असलेल्या महाशीराची स्थिती आहे. त्याला वाहते, स्वच्छ, प्राणवायूने समृद्ध पाणी लागते. प्रौढ होण्यास त्याला काही वर्षे लागतात. अंडी घालण्यासाठी तो प्रवाहाच्या वरच्या अंगास, खडकाळ व वाळूमिश्रित तळाकडे जातो. नर्मदेवर बरगी, इंदिरासागर, ओंकारेश्वर ही धरणे झाली आणि प्रवाहाच्या मोठ्या भागाचे संथ जलाशय बनले. सिंचन व वीज यांसाठी धरणांची आवश्यकता कोणी नाकारणार नाही. परंतु दहा-वीस पिढ्यांत महाशीर संथ पाण्याचा मासा होईल, अशी आशा धरणे चुकीचे ठरेल. त्याच्यासाठी वाहत्या पाण्याचे काही पट्टे राखणे व विणीच्या काळात मासेमारी थांबविणे, हेच उपाय उरतात.

माणूस जितक्या घाईने परिस्थिती बदलतो, तितका तो नकळत डास, जंतू व जलपर्णी यांचा पक्ष घेतो. महाशीर, कासव, सारस यांच्या बाजूने उभे राहावयाचे असेल, तर बदलाचा वेग आवरला पाहिजे. शाहपुरा तलावात येणारे सांडपाणी शुद्ध करून सोडणे, जलपर्णी वेळीच काढणे, काठावर कचरा न टाकणे ही कामे शहराच्या सौंदर्यापुरती नाहीत. त्या पाण्यात कोणत्या जीवांची वीण वाढावी, याचा तो निर्णय आहे.

शाळांसाठी काही निरीक्षणे

शिक्षकांना हा विषय गावातील तळे, विहीर किंवा बांधाऱ्यावरही शिकविता येईल.

१. विद्यार्थ्यांनी जून ते मे या काळात दर महिन्याला एकाच जागी जाऊन पाण्याचा रंग, वास, पाणवनस्पती, मासे व पक्षी यांची नोंद करावी. मोठ्या माणसांना विचारून वीस वर्षांपूर्वी तेथे कोणते मासे मिळत, ते लिहून घ्यावे.

२. ज्वारीची किंवा घेवड्याची पन्नास बियाणी मोजून त्यांच्या आकारातील फरक नोंदवावा. एकाच शेतातील बियाण्यांतही किती भेद असतो, हे त्यावरून कळेल. नैसर्गिक निवडीचे भांडवल हेच होय.

३. साचलेल्या पाण्याच्या जागांचा नकाशा तयार करून ग्रामपंचायतीस द्यावा व त्यांपैकी किती जागा पावसाळ्यापूर्वी बुजविल्या गेल्या, याचा पाठपुरावा करावा.

पहिल्या वर्षाच्या नोंदींतून फारसे काही हाती लागले नाही, तरी वह्या जपून ठेवाव्यात. दहा वर्षांनंतर त्याच शाळेतील विद्यार्थ्यांना आपल्या गावचे पाणी कोणत्या दिशेने बदलत आहे, हे त्या नोंदींवरून सांगता येईल.